निरंक

“ललिता दत्तात्रय पानगावकर. जन्म बार्शी. विवाह नोंदणी, सोलापूर जिल्हा, उरलेली सर्व पुस्तके तपासली. निष्पत्ती निरंक.”

रोज सकाळी मी चहा गाळत असते तेव्हा आमचा धांडोळा मला हे ऐकवतो. धांडोळा म्हणजे शेल्फवर ठेवलेला लोट्याएवढा डबा. आवाज मात्र बातम्या देणाऱ्या निवेदकाचा. मी त्याला कितीदा सांगितलं, अरे मेल्या, ‘सापडली नाही’ म्हण की माणसासारखं! त्यावर म्हणतो, “सूचनेची नोंद घेतली.” आणि दुसऱ्या दिवशी परत निरंक.

हा शब्द माझ्या डोक्यात जातो त्याला कारण आहे. मी पाटबंधारे खात्यात कारकून होते. दर महिन्याला वर अहवाल जायचा. कालवा फुटला का, कुणी बुडालं का, पाणीचोरी झाली का. काहीच झालेलं नसलं तरी अहवाल पाठवायचाच, आणि प्रत्येक रकान्यात लिहायचं ‘निरंक’. एकदा मी कंटाळून रकाने कोरे सोडले तर साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, “वडनेरकरबाई, कोरं म्हणजे बघितलंच नाही. निरंक म्हणजे बघितलं, आणि नाही.” टेबलाशी परत येऊन आम्ही सगळ्या बायका हसलो होतो. आता म्हातारपणी कळतंय की धांडोळ्याचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यावर उभं आहे.

मी मृणाल वडनेरकर. नाशिकरोडला दोन खोल्यांत एकटी राहते. हे जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी मैथिली टास्मानियात असते, समुद्रातल्या शेवाळावर काहीतरी संशोधन करते. आणि मी शोधतेय माझ्या थोरल्या बहिणीला.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी अठराची होते तेव्हा ती टायपिंग क्लासच्या मास्तरांबरोबर निघून गेली. मास्तर आमच्या जातीचे नव्हते. बाबांनी परसात जाऊन तिच्या नावाने अंघोळ केली, ओल्या अंगाने ओसरीवर आले आणि म्हणाले, “आजपासून मला एकच मुलगी.” बस. त्यानंतर तिचं नाव घरात निघालं नाही. मास्तरांचं नाव तर मला धड माहीतही नव्हतं, त्यांना सगळे मास्तरच म्हणायचे. पुढच्या वर्षी बार्शीतलं ते भाड्याचं घर आम्ही सोडलं. तिने पत्र टाकलं असेल तरी ते कुणाच्या हाती पडलं कोण जाणे. या गोष्टीला आता पन्नास वर्षं होत आली.

हे होते तोवर मी तिला अधूनमधून शोधायचे. पण हे गेले, घर गप्प झालं, आणि मला एकच ध्यास लागला. ताई आहे की नाही? असली तर मला तिला बघायचंय. दोघींपैकी एक जायच्या आत. एवढंच.

*

हल्ली माणूस शोधणं सोपं झालंय असं सगळे म्हणतात. खरंय ते. शाळेची दाखल-खारीज रजिस्टरं, मतदारयाद्या, रेशनकार्डं, गावोगावचे छोटे पेपर, मोडीतले कागदसुद्धा यंत्रांनी वाचून काढलेत. जो सापडायचा तो चुटकीसरशी सापडतो. उरतात ते न सापडणारे. धांडोळा त्यांच्यासाठी आहे.

मैथिलीने तो माझ्याकडे बसवला तेव्हा मी विचारलं होतं, “सापडत नाही ते सापडत नाही, त्याचा हिशेब ठेवून काय करायचंय?”

“आई, तुझा चष्मा हरवला की तू काय करतेस?”

“तुझ्या बाबांवर ओरडायचे. आता स्वतःवर ओरडते.”

“आणि कपाट नीट उपसून झालं, तिथे नाही मिळाला, तर?”

“मग तो गादीत असणार.”

“बघ! कपाटात नाही म्हटल्यावर गादीवरचा संशय वाढला. म्हणजे न सापडण्यातूनही काहीतरी कळलंच ना? पण तू कपाटाचं दार उघडून नुसतं डोकावली असशील, तर कपाटावरचा संशय तसाच राहतो. धांडोळा हेच करतो. प्रत्येक निरंकाला वजन देतो. पानं स्वच्छ होती का, वाळवीने खाल्ली होती का, पानगावकरचं कुणी पाणगावकर केलं असेल तर तेही बघितलं का. समुद्रात बुडालेली जहाजं अशीच शोधतात. रिकामा चौकोन रिकामा म्हणून मांडून ठेवायचा, म्हणजे उरलेल्या चौकोनांची किंमत वाढते.”

मला ते पटलं. पटलं म्हणूनच मी चिकाटीने लागले. पण ताईच्या बाबतीत चौकोन संपत आले आणि जहाज काही दिसेना. बार्शी नाही, सोलापूर नाही, पुणे नाही, हुबळी-धारवाडकडे नाही. मृत्यूच्या नोंदींत मी तिला शोधू दिलं नाही. धांडोळा दर आठवड्याला विचारायचा, “मृत्यूनोंदी हे क्षेत्र तपासायचे का?” मी म्हणायचे, “तू तुझं काम कर.”

“आई, पुरे कर आता,” मैथिली एकदा म्हणाली. पडद्यावर तिच्या मागे पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यावरचं ऊन होतं. “तुझे फोन सगळे याच विषयावर असतात. मला विचारतेस का कधी, कशी आहेस म्हणून?”

“कशी आहेस?”

“असं नाही विचारायचं!” तिला हसू आलं, मग आलेलं गेलं. “मी आहे ना तुला. मी पुरत नाही का?”

आता या पोरीला काय सांगू? ती पुरते. पण मला ‘तू लहानपणी कशी होतीस’ हे सांगणारं जगात कुणी उरलेलं नाही. आई गेली, बाबा गेले, काका गेले. मी गालात शेंगदाणे साठवायचे म्हणून मला घरात खारू म्हणायचे, हे आता माझ्याशिवाय फक्त ताईलाच माहीत असणार. ती नसेल तर खारू कधी नव्हतीच असं होईल. हे फोनवर सांगता येत नाही. मी म्हटलं, “पुरतेस ग बाई. जेवलीस का?”

*

यंदाच्या श्रावणात धांडोळ्याला नवी सोय आली. तोपर्यंत ज्याचे निरंक त्याच्यापाशी राहायचे. सुरुवातीला फक्त एक प्रश्न विचारला जायचा, की तुमचे वाया गेलेले शोध इतरांच्या उपयोगी पडले तर चालतील का? बहुतेक जण ‘हो’ म्हणून मोकळे होतात, मीही झाले होते. आता यंत्राने या सगळ्यांच्या सगळ्या रिकाम्या जागा एकावर एक ठेवून बघायला सुरुवात केली.

आणि त्याला एक गंमत सापडली. प्रत्येकाच्या न सापडण्याला एक आकार असतो. एकाच माणसाला दोघं शोधत असतील तर दोघांचे आकार सारखे येतात. पण दोन माणसं एकमेकांना शोधत असतील, तर ते आकार एकमेकांत बसतात. दोघंही एकाच घरापासून, एकाच शाळेपासून निघतात, आणि दोघांच्याही हातातली नावं ठरावीक वर्षाला संपतात. यंत्र त्याला ‘समोरासमोरचे निरंक’ म्हणतं.

नारळीपौर्णिमेनंतर दोन-चार दिवसांनी चहाच्या वेळेला धांडोळा म्हणाला, “आपल्या शोधाच्या समोर एक शोध आढळला आहे. जुळणीची खात्री उच्च. शोधकर्त्याची ओळख गोपनीय आहे. प्रश्न खुले आहेत. वाचायचे का?”

मी गॅस बंद केला. हात धुतले, कशाला कोण जाणे. मग म्हटलं, “वाच.”

“सुषमा दत्तात्रय पानगावकर. बार्शी. मुलींची शाळा, खो-खो संघ. पुढील क्रीडा नोंदी. निरंक.”

सुषमा म्हणजे मी.

लग्नाआधीची मी. लग्नात ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीने ‘मृणाल’ लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही लाजले आणि सुषमा पानगावकर त्या ताटात संपली. पुढचं सगळं, नोकरी, मतदारयादी, गॅसचं पुस्तक, मृणाल वडनेरकरच्या नावावर. ताई माझ्या लग्नाच्या आधीच गेलेली. तिला कुठून कळणार मृणाल कोण ती? आणि ताईचंही कुणीतरी नवं नाव ठेवलं असणारच की. इतकी वर्षं आम्ही दोघी एकमेकींना अशा नावांनी हाका मारत होतो, जी नावं दोघींपैकी कुणाकडेच उरली नव्हती. आणि मी येडी, स्वतःच्याच नावाचं एवढं झालेलं असून मला हे सुचलं नाही!

“पुढे वाच,” मी म्हटलं.

तो वाचत गेला. सुषमा पानगावकर, परिचारिका प्रशिक्षण, निरंक. लहानपणी मी बाहुल्यांना इंजेक्शनं द्यायचे. सुषमा पानगावकर, शिक्षिका, निरंक. सुषमा पानगावकर, कोल्हापूर, लातूर, ठाणे. एकदा महापुराच्या वर्षी सांगलीतल्या सगळ्या छावण्यांच्या याद्या. मी आयुष्यात सांगलीला गेलेली नाही, पण तिला काय माहीत? कुठे पूर आला, कुठे बस दरीत गेली, कुठे इमारत पडली की त्याच्यानंतर तिचा एक प्रश्न होताच. आणि एका ठिकाणी नुसतंच, “खारू. संपूर्ण महाराष्ट्र.”

“हा शब्द व्यक्तिनाम म्हणून ओळखला गेला नाही,” धांडोळा म्हणाला. “निरंक.”

मी ओट्याला धरून खूप रडले. मला कुणीतरी शोधत होतं. मी इथे एकटीसाठी मूठभर तांदूळ लावत होते, आणि कुठेतरी एक बाई माझं नाव घेऊन सगळा महाराष्ट्र विचारत फिरत होती.

“तिला निरोप दे,” मी म्हटलं. “आत्ताच्या आत्ता दे. म्हणावं मी आहे.”

“समोरच्या व्यक्तीने संपर्काची परवानगी मागे घेतली आहे.”

“म्हणजे?”

“पाच वर्षांपूर्वी.”

*

पाच वर्षांपूर्वी काय झालं ते त्या प्रश्नांतच होतं. तिने त्या दिवशी प्रथमच माझ्याऐवजी बाबांना विचारलं होतं. दत्तात्रय पानगावकर, निधनवार्ता. आणि इथे निरंक नव्हतं. त्याच सुमारास यंत्रांनी आमच्याकडचे जुने छोटे पेपर वाचले होते, त्यात बाबांची बातमी निघाली.

ती बातमी मी कधी वाचलीच नव्हती. बाबा गेले तेव्हा पेपरात द्यायचं वगैरे सगळं काकांनी बघितलं. मी आल्यागेल्यांचं करत होते. आणि माझ्या शोधात ती कधी आली नाही, कारण ताईचं नाव त्यात नव्हतं. धांडोळ्याने ते पान भिंतीवर उमटवलं. चार ओळी. दत्तात्रय पानगावकर यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. पाटबंधारे विभागातील कर्मचारी मृणाल वडनेरकर यांचे ते वडील होत.

आणि शेवटी, “त्यांच्या पश्चात एक मुलगी, जावई, नात असा परिवार आहे.”

एक मुलगी.

म्हणजे तिला माझं नवं नाव कळलं ते या ओळींतून, आणि आपण घरात नाही हेही त्याच ओळींतून. तिला वाटलं असणार, खारूनेच लिहिलंय. दुसरं कोण लिहिणार? मी काकांच्या नावाने असे काही शब्द उच्चारले की धांडोळ्यानेसुद्धा “सूचना समजली नाही” म्हटलं. काका केव्हाच वर गेलेत, नाहीतर त्यांचं काही खरं नव्हतं.

“त्यानंतर तिने काहीच विचारलं नाही?” मी म्हटलं.

“त्यानंतर दरवर्षी एकच प्रश्न. मृणाल श्रीकांत वडनेरकर. निधनवार्ता. निरंक.”

“कधी विचारते?”

“दरवर्षी भाऊबीजेच्या दिवशी.”

आम्हाला भाऊ नाही. भाऊबीजेला आई आम्हाला अंगणात उभं करायची आणि आम्ही चंद्राला ओवाळायचो. बीजेचा चंद्र तो, दिसला न दिसला की मावळतो. तो गेला की ताई म्हणायची, चल, आता तू माझा भाऊ हो, आणि मग आम्ही एकमेकींना ओवाळायचो. आता ती दरवर्षी त्याच संध्याकाळी विचारत होती की मी मेलेय का. निरंक ऐकलं की तिला बरं वाटत असेल. निदान मला तरी तसंच वाटू दे.

गेल्या वर्षीचाही प्रश्न होता. म्हणजे ताई आहे! निदान गेल्या दिवाळीपर्यंत तरी होती. मी स्वयंपाकघरातल्या स्वयंपाकघरात चार फेऱ्या मारल्या. आणि मग मला जो राग आला म्हणता! आहे, आणि येत नाही. मी कुठे असते ते तिला माहीत आहे, कारण पाटबंधारे खातं काही लपून बसत नाही. मी जिवंत आहे तोवर ढुंकून बघायचं नाही, आणि मेले की येणार.

बरं. मग मरते.

*

“आई, तुला वेड लागलंय का?” मैथिली ओरडली.

“ऐकून घे. तिने जगात एकच दार उघडं ठेवलंय. ती एकच प्रश्न विचारते. त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं एवढंच माझ्या हातात आहे.”

“अगं पण बँक, पेन्शन, सोसायटी... सगळी यंत्रं एकमेकांचं वाचतात. एकदा बातमी लागली की तू सगळीकडून गेलीस!”

“नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जायचंच असतं. तेव्हा सांगेन, उठून बसले म्हणून.”

मग ती हळूच म्हणाली, “आणि तिने यंदा विचारलंच नाही तर?”

“तर मला कळेल.”

“आई...” तिने डोळे पुसले. “लिहिताना माझं नाव नीट लिहायला सांग. मैथिलीतली थि ऱ्हस्व.”

‘गोदातीर’ नावाचा एक छोटा पेपर आहे, त्यांना मी फोन लावला. मोठे पेपर दाखला मागतात, हे मागत नाहीत. फोनवर एक मुलगी होती.

“मयताचं नाव?”

“मृणाल श्रीकांत वडनेरकर.”

“आपण त्यांच्या कोण?”

“रोजच्या बसण्याउठण्यातली.”

“वाईट झालं. आजारी होत्या का?”

“एकट्या होत्या.”

“पश्चात?”

“थोरली बहीण ललिता, मुलगी मैथिली, जावई.”

“मावशी, तसं नसतं लिहीत. मुलंबाळं आधी, भाऊ-बहिणी शेवटी.”

“मयताची तशी इच्छा होती.”

तिने ते तसंच उतरवून घेतलं. खाली मी घरचा फोन नंबर द्यायला लावला. तो फोन मैथिलीच्या नावावर आहे, म्हणजे माझ्याबरोबर तो जाणार नव्हता.

छोट्या पेपरांची पानं वाचायला धांडोळ्याला आठवडाभर लागतो, म्हणून बातमी दिवाळीच्या आधीच लावली. पेपर आला तेव्हा मी चष्मा लावून वाचला. त्यांच्या पश्चात थोरली बहीण ललिता. छापलेलं बरं दिसत होतं.

त्यानंतरचे दिवस मात्र मी सांगते, कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. आधी औषधांचा डबा बंद पडला. मग बँकेने मैथिलीला सांत्वनाचा निरोप पाठवला. दूध यायचं थांबलं. सोसायटीचं फाटक माझा चेहरा बघून उघडायचं, ते उघडेना. तिथे उभी राहून मी त्या काचेला तोंड दाखवत होते, “अगं मी, मी!” आणि ते म्हणत होतं, “ओळख पटत नाही.” शेवटी शेजारच्या गुंजाळवहिनींनी आतून उघडलं. त्यांनी आधी किंचाळून घेतलं, मग सगळं ऐकून घेतलं आणि मग रोज एक पेला दूध आणून द्यायला लागल्या. पण त्याही दिवाळीला मुलाकडे पुण्याला गेल्या.

धांडोळा तर आठवडा भरताच म्हणाला, “कैलासवासी मृणाल वडनेरकर यांचे शोध वारसाच्या सूचनेपर्यंत स्थगित.” आणि गप्प बसला. मी चहा गाळताना त्याच्याकडे बघायचे. इतकी वर्षं ज्याच्यावर चिडले ते निरंकसुद्धा आता ऐकायला मिळेना. लक्ष्मीपूजनाला मी दोन पणत्या लावल्या. खालच्या पोरांचे फटाके वाजत होते. मला वाटलं, खरंच मेले असते तरी याहून वेगळं काय असतं? हेच घर, हीच शांतता, फक्त चहा कुणी केला नसता.

सारखी एकच भीती. ती बहात्तरची. वर्षभरात काय नाही होत या वयात?

*

भाऊबीजेला मी सकाळपासून फोनपाशी बसले होते. दुपारी मैथिलीचा आला, तर तिलाच ओरडले, “ठेव, लाइन मोकळी राहू दे!” संध्याकाळी ताट केलं. निरांजन, सुपारी, अक्षता. गॅलरीतून बघितलं तर इमारतींच्या मधल्या फटीत चंद्राची कोर होती, नखाएवढी. ओवाळलं. बघता बघता ती गेली. निरांजन हातात तसंच होतं, पुढे ओवाळायला कुणी नव्हतं. मी आत आले.

फोन वाजला तेव्हा मी ताट खाली ठेवत होते.

“हॅलो, वडनेरकरांचं घर का?”

बाईचा आवाज. म्हातारा, घोगरा, दम लागलेला. ओळखीचं त्यात काहीच नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वीचा आवाज कुठून ओळखू येणार?

“हो,” मी म्हटलं.

“मृणालबाईंची बातमी वाचली. मला आजच कळलं.” मग जरा थांबून, “आपण कोण? मुलगी का त्यांची?”

मी नुसतं हुंकारले.

“दहावा झाला असेल ना आता?”

“झाला. रामकुंडावर.”

“सगळं नीट पार पडलं?”

मी निरांजनाकडे बघितलं. अजून जळत होतं.

“नाही,” मी म्हटलं. “पिंडाला कावळाच शिवेना.”

मग त्या बाईने तेच विचारलं, जे अशा वेळी घरचं माणूस विचारतं. “काय राहिलं होतं तिचं?”

“थोरली बहीण यायची राहिली होती. सगळे हात जोडून झाले. तो बसलाय तिथेच, पिंडाकडे बघत. कुणाचं ऐकत नाही.”

काहीच आवाज नाही. मला वाटलं, ठेवला फोन. मला वाटलं, संपलं. आणि मग माझाही धीर सुटला. “बातमी काकांनी लिहिली होती ग,” मी म्हटलं. “ती एक मुलगी मी नाही लिहिली. मला आत्ता श्रावणात कळलं. तू विचारायला तर हवं होतंस! मेलेय का ते विचारतेस दरवर्षी, आणि जगतेय कशी ते विचारावंसं नाही वाटलं तुला?”

“खारू?”

मी फोनवरच मान हलवली.

“खारटे, नालायक कुठली! मी इथे नवं लुगडं सोडून पांढरं नेसले ग तुझ्यासाठी! मेल्याची बातमी देतात का अशी?” ती शिव्या देत होती, रडत होती, नाक ओढत होती, आणि मध्येच कुणावर तरी ओरडली, “अरे पाणी आण कुणीतरी!” मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून ठेवला होता. कितीतरी वेळाने ती शांत झाली. मग तिने घसा साफ केला.

“खारू, आहे का तो कावळा अजून तिथे?”

“आहे.”

“त्याला सांग,” ताई म्हणाली, “येतेय म्हणावं.”